एका खाचेतली दोन दारं

॥ श्री ॥

सांगली,
ता. १२ मे १९४६

चि. जोतीरामास आक्काचे अ. उ. आ.

आशीर्वाद वर घातले आहेत ते रीत म्हणून. मनात जे आहे ते खाली येतंच आहे.

काल आपला गडी कोंडीबा हळदीच्या गाड्यांबरोबर इकडे आला होता. ह्यांच्या वखारीत पोती उतरवून घरी आला, तांब्याभर पाणी प्याला, आईची खुशाली सांगितली, कुणाची म्हैस व्याली ते सांगितलं, आणि उठताना, मुंडासं गुंडाळत, सगळ्यात शेवटी म्हणाला की दमणी मोडली. बैलं धड आहेत का, कुणाला लागलं का, सगळं एका दमात विचारलं. तर म्हणतो कसा, उलटली न्हाई आक्कासाब, मोडली. मालकांनी करवत लावली. कपाट करत्यात.

हे वाक्य मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. दर वेळी तेच निघालं.

लढाईवरून माणसांनी काय काय आणलं. आमच्या आळीतल्या एका जमादाराने पितळी घड्याळ आणलं. एकाने लंगडा पाय आणला. एकाने अशा परदेशी शिव्या आणल्या की त्याची बायको त्या मंत्र समजून हात जोडते. तू कपाट आणलंस, तेही डोक्यात. चार वर्षं लढाईवर लोकांची घरं पाडलीस, तेवढ्याने हात भरला नाही म्हणून आता आपलं पाडायला घेतलंस काय?

त्या दमणीत बसून मी सासरी गेले. त्याच दमणीतून दर पंचमीला माहेरी आले. तू मुराळी म्हणून मला न्यायला सांगलीला यायचास, आपण मोटारीने उंब्रजला उतरायचो, आणि थांब्यावरच्या लिंबाखाली दमणी उभी असायची. आधी घुंगरं ऐकू यायची, मग बैलं दिसायची, आणि माझ्या डोक्यावरचं सासर तिथल्या तिथे उतरायचं. आत गादी, पाठीला तक्क्या, वर छत. तीन कोस मी राणीसारखी यायचे आणि तू पुढे धुरेवर बसून सगळी वाट खोटं बोलायचास. तू लढाईवर गेलास तसं ते थांबलं. मुराळी म्हणून यावं ते भावानेच, ही आपल्या घरची रीत. तू नव्हतास म्हणून मी चार पंचम्या ह्या चार भिंतींत काढल्या आणि एकदाही कुरकुर केली नाही. (ह्यांना विचारू नकोस. त्यांना खोटं बोलता येत नाही.) यंदा तू परत आलास. मी म्हटलं, आता दमणी येईल.

आता कशातून नेणार मला? कपाटात बसवून?

उलट टपाली लिहावं. दमणीचा किती भाग शिल्लक आहे, आणि अक्कल किती, दोन्ही कळवावं. आईला माझा नमस्कार. विजयमालेस आशीर्वाद, ते मात्र खरे.

तुझी,
बनूआक्का

---

॥ श्री ॥

जांभळेवाडी, पो. उंब्रज, जि. सातारा,
ता. २१ मे १९४६

ती. सौ. आक्कास जोतीरामचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आमच्या पलटणीत शिकवलं होतं की समोरून तोफा सुरू झाल्या की आधी आडोसा धरायचा, उत्तर मग द्यायचं. म्हणून हे आठ दिवस.

आता शांतपणे ऐक. इटलीत एका गावात आम्ही पावसाळाभर एका म्हातारीच्या घरी मुक्काम करून होतो. तिच्या बसायच्या खोलीत भिंतीला लागून एक बुटकं, लांब कपाट होतं. त्याची दारं पुढे उघडत नव्हती. बाजूला सरकत होती. म्हातारी नुसतं बोट लावायची आणि दार गुळगुळीत पलीकडे जायचं. आवाज नाही की कुणाच्या गुडघ्याला धक्का नाही. मला तेव्हाच आपलं माजघर आठवलं. किती अरुंद आहे ते तुला माहीत आहे. जुनं कपाट उघडलं की त्याचं दार जात्यावर बसलेल्या आईच्या डोक्यावर जातं. लहानपणापासून आपण हे बघत आलो आणि कुणाच्या मनात आलं नाही की दार बाजूलाही सरकू शकतं.

मग लाकूड विकत घ्यायचं होतंस, असं तू म्हणशील. आक्का, सागवान नाही कुठे. सगळं सरकारने लढाईला नेलं. कराडच्या वखारीत गेलो तर मालकाने मला बाभळीचं जळण दाखवलं आणि हसला. साताऱ्याला सोल्जर बोर्डात कागदासाठी गेलो तेव्हा तिकडेही फिरलो. स्क्रू मिळाले, लाकूड नाही.

गुंडा सुताराला बोलावलं होतं. त्याने दमणीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, माझ्या बापानं जोडली ती मी फोडनार न्हाई. ठीक आहे म्हटलं, मीच फोडतो. तर त्याचाही त्याला राग. गावातलं लाकडाचं काम म्हणजे त्याचं बलुतं. मालकाने घरी बसून रंधा मारायचा म्हणजे त्याच्या पानातलं उचलणं झालं. आता मालकांनी आपली दाढीबी आपनच करावी आन् मडकीबी आपनच घडवावी, असं चावडीवर बोलला. आमची पेरायची कुरी मोडून पडली आहे. पेरणी तोंडावर आली, आणि तो तिला हात लावत नाही. कपाट घरात आहे तोवर लावणार नाही म्हणतो. मी म्हटलं, नको लावूस.

आक्का, काम असं झालंय की तू बघत राहशील. चार हात लांब, गुडघ्याच्या वर उंच. दमणीच्या साट्याच्या, म्हणजे बैठकीच्या फळ्यांची दारं केलीत. लाकूड इतकं जुनं की रंध्याखाली मधासारखा रंग निघतो. खाच एकच पाडली आहे, वर एक, खाली एक, मेण घासून गुळगुळीत. लोक दोन दोन खाचा पाडून लाकूड नासतात.

एक गोष्ट लिहू नये, पण लिहितो. तू लिहितेस की दमणी येईल वाटलं होतं. आक्का, मी नव्हतो तेव्हाही दमणी येतच होती. कोंडीबा सांगलीपर्यंत आला आणि तू त्याला दारातून परत लावलंस, एकदा नाही, दोनदा. गेल्या पंचमीनंतर तर तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तेव्हा तुला तिची आठवण आली नाही.

आणि मोडायची ऑर्डर कुणाची, ते विचारू नकोस. मी हवालदार होतो. ऑर्डर पाळतो, देणाऱ्याचं नाव सांगत नाही.

दाजींना नमस्कार. राग ओसरला की लोभ करावा, घाई नाही.

तुझा,
जोतीराम

---

॥ श्री ॥

सांगली,
ता. ३० मे १९४६

चि. जोतीरामास आशीर्वाद. अनेकही नाहीत, उत्तमही नाहीत. नुसते.

ऑर्डर पाळली म्हणे. दमणी काय जर्मनाची होती? ती आईच्या आंदणातली. आजोबांनी मुलीला वाटेत ऊन लागू नये म्हणून करून दिली. ती आईची, तुझी नव्हे, आणि तुला ऑर्डर देणारीची तर मुळीच नव्हे. नाव सांगू नकोस, मला कळलं. फलटणच्या लोकांना घरात काहीतरी नवं दिसल्याशिवाय जेवण जात नाही, हे मी तुझ्या लग्नातच ह्यांना म्हटलं होतं. आईने गप्प बसून बघितलं असणार. ती बिचारी कुणाला काय बोलणार.

कोंडीबाचं काढलंस ते बरं केलंस. गडी लेकीला आणायला जातो तेव्हा लेक नसते आणत तो. बाजारातलं सामान आणतो. मी सासूबाईंना काय सांगणार होते, की आमच्याकडे भावाचं काम गड्याला लावलंय? त्यांनी मला वर्षभर ऐकवलं असतं. तू लढाईवर होतास, ते मान्य. पण रीत लढाईवर गेली नव्हती.

आता नीट वाच. ते इटालियन खोकं जोवर आपल्या माजघरात आहे, तोवर मी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवणार नाही. पंचमीला मुराळी म्हणून येण्याचा त्रास घेऊ नकोस. आलास तर जेवायला घालीन, पण तुझ्याबरोबर येणार नाही.

आईला मी वेगळं लिहिते आहे. कळावे, कळत असेल तर.

आक्का

---

॥ श्री ॥

जांभळेवाडी,
ता. २८ जून १९४६

ती. सौ. वन्संस विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर ह्यांनी नको म्हटलं असतं, आणि मग मला ह्यांचं न ऐकता लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं.

पहिलं म्हणजे, वन्सं, कपाट मी मागितलं नव्हतं. मी चाळण टांगायला एक खुंटी मागितली होती. ती अजून मारायची आहे. ऑर्डर माझी नव्हती. कुणाची, ते माझ्या तोंडून निघणार नाही. पण फलटणवर घसरण्याआधी तुम्ही घरातल्या सगळ्या माणसांचा विचार करायला हवा होता, एवढं म्हणते.

दुसरं, कपाट पुरं झालं. वेगळ्याच अर्थाने पुरं झालं. झालं असं की ह्यांनी दोन्ही दारं बसवली, आम्ही हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. ह्यांनी डावं दार लावलं, उजवं दार लावलं, आणि सगळ्यांना मागे सरा म्हणून सांगितलं, जसं काही त्यातून तोफ सुटणार आहे. मग डावं दार सरकवायला बोट लावलं. सरकेना. तळहात लावला. सरकेना. उजवं ढकललं, तेही तिथेच. मग कुणीतरी, धोंडुबाई असावी, म्हणाली की आवं, एका खाचेत दोन दारं, एकमेकीला आडवी बसल्यात, जानार कुठं?

ह्यांनी कपाट मागेपुढे बघितलं. खरंच, खाच एकच. डाव्याला उजवं अडवतं आणि उजव्याला डावं. हे खाचेवरून बोट फिरवत म्हणाले की इटलीत असं नव्हतं. मी विचारलं, तिथे आत हात घालून खाच बघितली होती का? तर म्हणे म्हातारी आपल्या कपाटाला हात लावू देत नव्हती. चार महिने समोर बसून नुसतं बघितलं. बाहेरून.

गुंडा सुतार बातमी ऐकून आला. आत आला नाही, उंबऱ्यावरच बसला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला पाणी मीच नेऊन दिलं. पाणी प्याला तरी कुरी दुरुस्त केलीच नाही. पेरणी आम्ही शेजारच्या नानासोंकडून मागून आणलेल्या कुरीने केली, आणि नानासो ते दिवाळीपर्यंत सगळ्यांना सांगणार.

उन्हाळा होता तोवर एक दार उचलून वर दाबलं की खाचेतून निघायचं. एक काढायचं, भिंतीला टेकवायचं, मग दुसरं सरकायचं. गैरसोय होती, पण चालत होतं. आता पाऊस लागला. लाकूड फुगलं. दोन्ही दारं लावलेली होती ती तशीच बसली. वर जात नाहीत, बाजूला जात नाहीत. आणि सासूबाईंनी आदल्याच दिवशी त्यात आपलं एक गाठोडं ठेवलं होतं. गाठोड्यात काय आहे ते मी बघितलं आहे. ते मी सांगायचं नाही. तुम्ही त्यांना विचारा.

ह्यांनी कुऱ्हाड काढली तर सासूबाई कपाटाला पाठ लावून बसल्या. फोडू देत नाहीत. दोन्ही दारांकडे बघत बसतात. तुमचं पत्र आल्यापासून तर भाकरीही तिथेच बसून खातात.

वन्सं, एकीने खाचेतून बाहेर पडल्याशिवाय दुसरी हलत नाही. दारांविषयी लिहिते आहे. ह्या घरात मला जेवायचं आहे, म्हणून ह्याहून जास्त लिहीत नाही.

भाच्यांना आशीर्वाद. लोभ माझ्यावर होता तेवढाच ठेवा. वाढवायला सांगायची ही वेळ नाही.

आपली,
विजयमाला

---

॥ श्री ॥

जांभळेवाडी,
ता. २१ जुलै १९४६
(टपालवाल्यांचा संप आहे म्हणून कोंडीबाबरोबर पाठवत आहोत. तो पेंड आणायला सांगलीला येतो आहे. सासूबाईंनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. फक्त दोन शब्द गाळले आहेत. विजयमाला.)

चि. सौ. बनूस आईचे आशीर्वाद.

बने, तुजं पत्र विजयमालानं वाचून दावलं. मी बिचारी, मी कुनाला काय बोलनार, आसं लिवलंयस. पोराला आपलं आंदन राखता आलं न्हाई, आसंबी लिवलंयस. दुसऱ्यांदा वाचाया लागली तवा मी म्हनलं बास.

आता आईक. दमणी मी मोडाया लावली. माज्या बापानं दिल्याली, माजी व्हती, मीच मोडली. जोत्या न्हाई म्हनत व्हता. तो रडला बी, पर त्यो तुला सांगायचा न्हाई. सुनंचा तर सबंदच न्हाई. तिला शिव्या घातल्यास त्या पयल्या मागं घे.

का मोडली ते बी सांगते. जोत्या लढाईवर गेला त्या साली मी कोंडीबाला धाडला. तू लावलास परत. म्हनलं, आसंल कायतरी. फुडल्या साली परत धाडला, परत लावलास. मग तू लिवलंस कुनी यिऊ नगा. तरी मी दर पंचमीला चाकाला वंगन घातलं. गादी उनात टाकली. बैलांस्नी झुली चढीवल्या आन् उंब्रजच्या थांब्यावर दमणी धाडली. म्हनलं, लिवती तशी, पर यील.

गेल्या साली मी कोंडीबाला म्हनलं, मलाबी घे. तू मोटारीतनं उतरलीस तर आई म्होरं दिसंल, राग इसरंल. लिंबाखाली दमणीत बसले. सांगलीकडच्या मोटारी येत व्हत्या, कोळशाचा धूर सोडत. दर मोटारीला मान वर करायची, परत खाली. च्यावाला आला, म्हनला, म्हातारे, कुनाची वाट बघती? मी म्हनलं, कुनाची न्हाई, बैलं दमल्यात. शेवटची मोटार गेली तवा त्यो दुकान बंद करत व्हता. त्यानं परत न्हाई इचारलं.

बने, मोकळी दमणी गावात शिरती तवा तिचा आवाज येगळा आसतोय. बाया दारात यिऊन बघत्यात. आत म्हातारी बसल्याली, तरी मोकळीच.

त्या दिसापास्नं ती दारात उबी दिसली की माजं डोस्कं फिरायचं. गाडीचा काय गुना? पर लेकीवर राग काडाया लेक तर म्होरं पायजे. ती न्हाई म्हनून गाडीवर काडला. जोत्याला म्हनलं, हे लाकूड इकायचं न्हाई, जाळायचं न्हाई, पर दारात गाडी म्हनून दिसाय नगं. त्यानं ते सरकतं कपाट काडलं. तेची आक्कल तेला.

आत तुजी लुगडी हायती. दर पंचमीचं एक. कंट्रोलचं कापड, घरात माणशी मोजून मिळायचं, त्यातलं माज्या वाटचं तुज्या नावानं ठिवलं. मी फाटकं, दंड घातल्यालं नेसते, मला काय कुटं जायचंय. लोक म्हनले सुनंला द्या. सून म्हनली, माजं न्हाई ते मी नेसनार न्हाई. तिला तू फलटनची म्हनतीस.

दारं बसल्यात. जोत्याला मी सांगितलंय, फोडशील तर हे घर सोडून जाईन. ज्याची लुगडी त्यानं उगडावं. न्हाईतर दिवाळीला लाकूड वाळंल, तवा बघू.

मुराळी धाडनार न्हाई. दमणी तर ऱ्हायलीच न्हाई. यायचं तर ये, न्हाईतर ऱ्हा तितंच आपल्या रीतीला धरून.

जावयबापूंस्नी आशीर्वाद. पोरांस्नी लय लय.

तुजी आई

---

॥ श्री ॥

जांभळेवाडी,
ता. ३ ऑगस्ट १९४६

तिकडच्या चरणी सा. न. वि. वि.

टपाल कधी सुरू होतंय देव जाणे. उंब्रजहून एक गुळाचा व्यापारी उद्या तिकडे येतो आहे, त्याच्या हाती हे देते.

आपण वखारीतून घरी आलात तेव्हा मी नव्हते, फक्त झाकून ठेवलेलं ताट होतं. ताट तरी होतं, हे लक्षात घ्यावं. सासूबाईंना सांगा की मुराळ्याशिवाय माहेरी गेलेली आपल्या घरातली मी पहिली असेन, पण मी सणाला आलेली नाही, भांडायला आलेली आहे. भांडायला जायला मुराळी लागतो असं कुठे लिहिलेलं नाही. त्यांना हे पटणार नाही, पण त्यांना काहीतरी विचार करायला मिळेल.

उंब्रजला उतरले तेव्हा पाऊस धो धो होता. न्यायला कुणी असायचं कारणच नव्हतं, कळवलं कुणाला होतं? तरी मी त्या लिंबाखाली जाऊन उभी राहिले. का, ते विचारू नका. पुणेरी मोटार गेली, कोल्हापूरची गेली. मान आपोआप वर व्हायची. चहावाला तोच आहे, म्हातारा झाला आहे. त्याने विचारलं, बाई, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, कुणाची नाही, पाऊस थांबायची. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग पाऊस असतानाच निघाले. दमणीतून तीन कोस कधी संपायचे कळायचं नाही. पायी कळतात.

आई माजघरात कपाटासमोर बसली होती. मला बघून ती काय म्हणाली असेल असं वाटतं? म्हणाली, पाय पूस. चार वर्षांनी. मी पाय पुसले आणि तिथेच उभी राहून तिला सगळं ऐकवलं. दमणी मोडायची होती तर आधी मला कळवायचं, थांब्यावर येऊन बसायचं होतं तर पत्रात लिहायचं, मला स्वप्न पडतं का? ती म्हणाली, लिवलं आसतं तर तू करतव्य म्हनून आली आसतीस, माज्यासाठी न्हाई. मी म्हटलं, आणि आता? ती म्हणाली, आता रागानं आलीस, त्यो खरा हाय. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. विजयमालेने मध्येच दोघींना चहा आणून दिला. मी तिला फलटणबद्दल जे लिहिलं ते मागे घेतलं. ती म्हणाली, चाळणीची खुंटी मारून घ्या ह्यांच्याकडून, म्हणजे फिटलं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. वारुळाला जायचं तर नवं लुगडं हवं, आणि लुगडी आत. माझं वाटेत भिजलेलं एकमेव चांगलं लुगडं रात्री आईच्या पायाशी वाळत घातलं होतं ते तिने पोतेरं समजून बाजूला सारलं. मुद्दाम, मला खात्री आहे. सकाळी जोतीरामाला काय सुचलं, करवत घेऊन आला. म्हणाला, एक दार मधोमध कापतो आणि संपवतो हे सगळं. करवत लाकडाला लागणार तेवढ्यात आई आणि मी एकाच वेळी ओरडलो. पंचमीला कापायचं नसतं, चिरायचं नसतं, तवासुद्धा चुलीवर चढत नाही, आणि हा घरात करवत चालवायला निघालाय. मग आम्ही दोघी मिळून त्याला इतकं बोललो की तो परसात जाऊन बसला. आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका बाजूला होतो, आणि दुसऱ्या बाजूला बिचारा जोतीराम.

मग मला सुचलं. पावसाळ्यात तान्ह्या मुलांचे लंगोट आपण कशावर सुकवतो? शेगडी भरून निखारे कपाटासमोर ठेवले. जवळ नाही, लाकूड करपेल, बेताने. आई एका बाजूला बसली, मी दुसऱ्या, आणि आळीपाळीने निखारे सारत राहिलो. तेवढ्या वेळात आमचं चार वर्षांचं भांडण रीतसर झालं. कोंडीबाला परत पाठवलं तेव्हा तो रस्त्यात बसून रडला होता, हे मला तेव्हा कळलं. मी बराच वेळ निखारेच सारत होते.

चारच्या सुमाराला डावं दार कुरकुरलं. मी खालून उचललं, आईने पुढे ओढलं, आणि ते निघालं. अख्खं दार माझ्या मांडीवर आलं. साट्याचीच फळी ती, तिच्यावर मी कितीदा पाय पसरून बसले असेन. रंधा मारूनही एका कडेला माझ्या जोडव्याने पडलेला ओरखडा तसाच आहे. जोतीरामाने तो मुद्दाम ठेवला की त्याच्या हातून राहिला, ते तो सांगत नाही.

गाठोड्यातलं सगळ्यात जुनं लुगडं कसरीने खाल्लेलं निघालं. पदराला चाळणीसारखी भोकं. आई खूप भडकली, माझ्यावर. म्हणाली, बग, तुज्या रुसव्यानं काय केलं. बाकीची तीन चांगली होती. मी तेच जुनं नेसले आणि वारुळाला गेले. धोंडुबाईने पदराकडे बोट दाखवलं तेव्हा मी तिला म्हटलं, सांगलीत हीच चाल आहे. संध्याकाळी गुंडा सुतार आला. पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला, शेगडी बघितली, दार बघितलं, आणि मागच्या दाराला जाऊन कुरी उचलून घेऊन गेला. त्याचं तो जाणे.

आज सकाळी जोतीराम पटाशी घेऊन बसला, दुसरी खाच पाडतो म्हणाला. आईने पटाशी काढून घेतली. म्हणाली, "खाच एकच ऱ्हाऊ दे. पावसात दारं बसली की शेगडी पेटवाया ही येत जाईल, भांडाया का हुईना." तेव्हा कपाट आहे तसंच राहणार, सध्या एक दार जागेवर, एक भिंतीला टेकलेलं. जोतीराम म्हणतो की इटलीत असं नव्हतं.

मी आईला म्हटलं, येत जाईन. पण मुराळी पाठवलास तर दारातून परत लावीन.

गौरी झाल्याशिवाय येत नाही. पोरांना वेळेवर खायला घालावं, सासूबाईंचं ऐकून घ्यावं, आणि ताटाचा राग धरला असल्यास तो मी येईपर्यंत जपून ठेवावा. समोरासमोर बरं पडतं.

आपली,
बनू